मे महिन्यातल्या अपघाताला जुलैचा कायदा लागत नाही

आमच्या भागातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: '१ जुलै २०२४ ला आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) संपला. निकाल बाकी असलेल्या सगळ्या अपघातांच्या केस आता नव्या कायद्यात. माणूस गेला असेल तर दोन नाही, पाच वर्षं. पळून गेलात तर दहा. सरकार मागच्या तारखेपासून टॅक्स लावतं, तशी शिक्षाही लावणार.'

तो वाचून परशुराम घाटाखालच्या वाडीतल्या एक काकू माझ्याकडे आल्या. मे २०२४ मध्ये त्यांच्या मुलाच्या टेम्पोखाली महामार्गावर एक माणूस दगावला. केस चालू आहे. पाच वर्षांच्या धास्तीने घरच्यांनी हापूसच्या कलमांचा तुकडा विकायला काढला होता. मी वकिली करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

'निकाल बाकी' असण्याचा इथे काही संबंध नाही. तारीख बघायची ती घटनेची. संविधानाचं कलम २०(१) दोन गोष्टी सांगतं: कृत्य घडलं तेव्हा अमलात असलेला कायदा मोडला असेल तरच माणूस दोषी ठरतो, आणि तेव्हाच्या कायद्याने देता आली असती त्याहून जास्त शिक्षा त्याला देता येत नाही. आयपीसीच्या जुन्या ३०४ अ मध्ये, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या कलमात, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आयपीसीच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेच्या १०६(१) मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फरक फक्त वर्षांचा नाही. जुन्या कलमात 'किंवा' आहे, म्हणजे कोर्ट नुसत्या दंडावरही थांबू शकतं. मेमध्ये घडलेल्या गोष्टीसाठी तो 'किंवा' कोणी काढून घेऊ शकत नाही. १९५३ सालीच केदारनाथ बाजोरिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४७ च्या गुन्ह्याला १९४९ च्या कायद्यातला वाढीव दंड लावू दिला नाही.

कोणी म्हणेल, गुन्हेगाराला एवढी सवलत कशाला? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर देश पेटला होता, २०१३ मध्ये कायदा कडक झाला. तरीही ते आरोपी जुन्याच कलमांखाली दोषी ठरले. फाशी झाली ती खुनासाठी, जुन्या ३०२ खाली.

'आयपीसी संपला' याचा उलटा अर्थही काहीजण काढतात, की जुने आरोपी सुटले. तेही चूक. न्याय संहितेच्या कलम ३५८ ने जुने गुन्हे आणि खटले शाबूत ठेवले आहेत. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही सांगते, तुमची केस बुडालेली नाही.

टॅक्सचं उदाहरण खरं आहे. २०१२ मध्ये आयकर कायद्यात मागच्या तारखेपासून बदल झाला होता. पण कर म्हणजे शिक्षा नव्हे, आणि कलम २०(१) गुन्ह्याच्या शिक्षेबद्दल बोलतं. दहा वर्षांचं कलम, म्हणजे १०६(२), तर जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपानंतर बाजूलाच ठेवलं गेलं. १ जुलैला बाकीची संहिता अमलात आली, ते आलं नाही.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्यांची गल्लत समजण्यासारखी आहे. कार्यपद्धतीला हे संरक्षण नाही. जुन्या घटनेची फिर्याद १ जुलैनंतर नोंदली तर तपास नव्या पद्धतीने होतो, गुन्ह्याचं कलम जुनंच राहतं. एकाच कागदावर दोन्ही कायद्यांची नावं दिसली की माणूस गोंधळतो. आणि नंतरचा कायदा सौम्य असेल तर त्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो: रतनलाल खटल्यात १९६४ मध्ये सोळा वर्षांच्या मुलाला, शिक्षा झाल्यानंतर लागू झालेल्या परिवीक्षा कायद्याचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा) लाभ सर्वोच्च न्यायालयाने दिला.

'आणीबाणी आली की हे सगळं गुंडाळतात,' असं एकाने ग्रुपवर लिहिलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत.

तुमची केस असेल तर दोषारोपपत्र काढा आणि घटनेची तारीख व कलम शेजारी शेजारी वाचा. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला १०६ लावलेलं दिसलं तर लगेच वकिलामार्फत कोर्टात हरकत घ्या. काकूंच्या कागदावर ३०४ अ आहे. मी तो त्यांना बोट ठेवून वाचून दाखवला.