सोमवारच्या वजनकाट्याआधी चहाचं मशीन बघा

मेव्हण्याचं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढायचा कारखाना, ऐंशी माणसांचा. मालकांच्या ग्रुपांत फिरणारा 'निरोगी कामगार, श्रीमंत कंपनी' हा मेसेज त्याने काल सुपरवायझरला पाठवला आणि खाली लिहिलं, "सोमवारपासून चालू कर." मेसेजात पाच फर्मानं आहेत: दर सोमवारी सगळ्यांचं वजन आणि नावानिशी फलक, रोज 10,000 पावलं, कँटीनमधून वडा-चहा हद्दपार, तासाला एक ग्लास पाणी, शिफ्टआधी सक्तीचा योग. वर आमिष: आरोग्यावर घातलेल्या रुपयामागे तीन रुपये परत.

तीनचा आकडा अगदीच हवेतला नाही, एवढं नाइलाजाने मान्य. 2010 मध्ये बायकर, कटलर आणि साँग यांनी तोवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून डॉलरमागे सुमारे 3.27 डॉलर उपचारखर्च वाचतो असं मांडलं होतं. पण त्यांतल्याच साँग आणि बायकर यांनी पुढे खरी चाचणी घेतली. ती 2019 मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. अमेरिकेतल्या एका घाऊक विक्री साखळीच्या 160 शाखा, जवळपास 33,000 कर्मचारी. चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या 20 शाखांत कार्यक्रम, बाकीच्यांत नाही. दीड वर्षाने 'मी व्यायाम करतो', 'वजनाकडे लक्ष देतो' म्हणणारे वाढले होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारखर्च, गैरहजेरी यांत मात्र दखल घ्यावी असा फरक नव्हता. अशा कार्यक्रमात आपणहून नाव देतो तो बहुधा आधीपासूनच तब्येत सांभाळणारा असतो; श्रेय मात्र एचआर घेऊन जातं. मेसेज 2010 वरच अडकलाय.

आता तो वजनाचा फलक. मेसेज म्हणतो, सर्वांत जास्त घटेल त्याला 5,000 रुपये, आणि वाढलं तर दंड! एका दिवसात किलो-दीड किलो तर नुसत्या पाण्याने आणि जेवणाने इकडेतिकडे होतं. म्हणजे रविवारी रात्री जेवण बंद, सोमवारी सकाळी पाणी बंद, काट्यावरून उतरला की दोन वडापाव. हा झाला धडधाकट माणूस. ऐंशी जणांत मधुमेहाचे चार-पाच तरी असतीलच. त्यातल्या एखाद्याने साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि बक्षिसासाठी नाश्ता टाळला, तर रक्तातली साखर 70 च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आणि हात कुठे आहे? पॉवर प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात. फलक लावणारच असाल तर हा लावा: माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. वजन आणि साखर बघायचीच असेल तर डॉक्टरने बंद खोलीत बघावी आणि आकडा ज्याचा त्यालाच सांगावा. सुपरवायझरला नाही, मालकालाही नाही.

10,000 पावलं ही 1965 मध्ये जपानात निघालेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आली. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मीटर'. चालणं चांगलंच, पण आठ तास उभं राहून काम करणाऱ्याला आधी बसायला स्टूल द्या.

वडे-चहा बंद केले की माणसं गेटबाहेरच्या टपरीवर जातात. तिथलं तेल तुमच्या हातात नाही, कँटीनचं आहे. कालच्या तळणीत आज नवं तेल ओतायचं नाही, हे ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या. चहाची गोष्ट आणखी सोपी. मशीनमधल्या प्रीमिक्समध्ये, म्हणजे चहाच्या तयार भुकटीत, साखर बहुधा आधीच मिसळलेली असते, कमी करायची म्हटलं तरी होत नाही. बिनसाखरेचं प्रीमिक्स मागवा, साखर बाजूला ठेवा, चमचा लहान ठेवा. पाच ग्रॅमच्या चमच्याने दोन-दोन चमचे घातले तर तीन कपांत तीस ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला पंचवीसच्या आसपास ठेवा म्हणते.

पाण्याचं निम्मं खरं आहे, उन्हाळ्यात शेडमध्ये तर नक्कीच. पण बायका पाणी का पीत नाहीत, हे एकदा संडास बघून या. कडी आहे का, नळाला पाणी आहे का, आणि लाइनवरून उठल्यावर मशीन सांभाळायला दुसरं कोणी आहे का? पिण्याचं पाणी मुतारीपासून सहा मीटरच्या आत नको, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं.

तंबाखूबद्दल या मेसेजात चकार शब्द नाही, आणि शॉप फ्लोअरवर मळून बार भरणारे किती असतात ते मेव्हण्याला माहीत आहे. 1800-11-2356 ही तंबाखू सोडवण्याची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. नंबर हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी चिकटवा, आणि फोन करायला कामाच्या वेळेतली दहा मिनिटं द्या. त्या 5,000 रुपयांत दातांच्या डॉक्टरला बोलावून सगळ्यांचं तोंड तपासून घेता येईल का, तेही विचारा.

उरला योग. पहिल्या पाळीला बस पकडायला माणूस साडेपाचला घर सोडतो. योग करवायचाच असेल तर पंचिंग झाल्यावर, पगारी वेळेत.