एका उन्हाळी फेरीत यादी पुरी होत नाही

राखीव जंगलातल्या औषधी वनस्पतींवरचा लेख वाचला. त्यातली यादी एकाच उन्हाळी पाहणीवर बेतलेली आहे, म्हणूनच ती अपुरी वाटते. कळलावी, सफेद मुसळी अशा कंदवर्गीय वनस्पती पावसाळा सरला की जमिनीवर दिसतच नाहीत. वनस्पती मोजायला जमिनीवर आखलेल्या त्याच चौकटी पावसाळ्यात पुन्हा पाहायलाच हव्यात. झाडांना १० × १० मीटर, आत झुडपांना ५ × ५, रोपट्यांना १ × १. नवी जात सापडणं जवळपास थांबेपर्यंत चौकटी वाढवत जायचं. खोडाचा घेर १.३ मीटर उंचीवर मोजतात, पण बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळं पसरलेल्या झाडाला तिथेच टेप लावला तर आकडा भलताच फुगतो. ती मुळं संपतात त्याच्या अर्धा मीटर वर मोजा.

लेखाच्या छायाचित्रातली सर्पगंधा मुळासकट उपटलेली पाहून वाईट वाटलं. ओळख पटवायला फुलोऱ्याची फांदी पुरते! नुसती पानं मात्र नकोत, त्यावरून जात ठरवणं अवघड. फुलाचा रंग, चीक, वास जागेवरच टिपून ठेवा, कारण वाळल्यावर ते राहत नाही. नमुना वाळवायला ज्या कागदांत दाबून ठेवता ते सुरुवातीला रोज बदला, दमट हवेत बुरशी लगेच धरते.