अनुदान मिळेल, फक्त खटला वेळेत जिंका

१ नोव्हेंबरला बेळगावातल्या एखाद्या पोरानं काळ्या दिनाचं, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचं स्टेटस ठेवलं, पोलिसांनी मोबाईल उचलून नेला आणि त्याचा बाप तुमच्या टिळकवाडीतल्या ऑफिसात येऊन बसला, की तुमच्यातला डिजिटल हक्कांचा वकील जागा होतो. फी मागायला जीभ रेटत नाही आणि फुकट लढून घर चालत नाही. अशा वेळी शहाण्यानं अनुदानासाठी अर्ज करावा. खटला काय, नंतर लढता येतो.

अर्जात त्या पोराबद्दल फार लिहू नका. मोबाईलमध्ये त्याचं हॉल तिकीट अडकलंय वगैरे तपशील कुणी वाचत नाही. ‘चिलिंग इफेक्ट’ लिहा, म्हणजे कारवाईच्या धाकानं बाकीच्यांचीही तोंडं आपोआप बंद होणं. श्रेया सिंघल निकाल हवाच : २४ मार्च २०१५, ऑनलाइन लिहिलं म्हणून अटक करू देणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द. मात्र त्यानंतरही देशभरच्या ठाण्यांत ६६अ खाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं, हे जरा दडवा. जिंकलेला खटला निधीवाल्यांना आवडतो. तोच दोनदा जिंकावा लागतो म्हटलं की त्यांना एकदम दुसरा एखादा देश आठवतो.

‘कार्यक्षेत्र’ या रकान्याशी थांबाल. कर्नाटक लिहिलंत तर गल्लीतले जाब विचारतील, महाराष्ट्र लिहिलंत तर पोलीस. ‘सीमाभाग’ लिहा. परदेशातल्या अधिकाऱ्याला वाटेल तुम्ही निर्वासितांचं काम करता; त्याचा गैरसमज दूर करायची घाई नको. (युरोपातल्या डिजिटल फ्रीडम फंडाच्या वाटेला मात्र जाऊ नका. तो युरोप परिषदेच्या सदस्य देशांतल्या खटल्यांनाच पैसे देतो. आमचा प्रश्न १९५६ पासून एवढा गाजतोय, पण तिथवर काही अजून पोचलेला नाही.)

मग येतं वेळापत्रक. ‘अपेक्षित निष्पत्ती, अठरा महिन्यांत.’ हसू नका. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सुप्रीम कोर्टात लावला. त्या वर्षी जन्मलेलं लेकरू आज मतदान करून मोकळं झालंय. हे सगळं डोळ्यांदेखत झालेलं असतानाही तिसऱ्या तिमाहीत अंतरिम आदेश, चौथीत निकाल, पाचवीत धोरणबदल असं छातीठोक लिहायचं. धारवाड खंडपीठाला तिमाही ठाऊक नसते, हे कळवायची गरज नाही. अहवालाची भाषा तेवढी शिकून घ्या. नुसतीच पुढची तारीख पडली तर ‘प्रक्रियात्मक प्रगती’. सरकारी वकिलानं मुदत मागितली तर ‘राज्ययंत्रणेचा सक्रिय सहभाग’. बोर्डावर प्रकरण आलंच नाही तर ‘न्यायालयीन क्षमतेचं विश्लेषण सुरू’.

भाषांतराचा खर्च मागाल तर फसाल. एफआयआर कन्नडमध्ये, पक्षकार मराठी, हायकोर्ट इंग्रजी. उलट टपाली विचारणा येईल, ‘थेट स्थानिक भाषेतच काम का करत नाही?’ त्यातली स्थानिक कोणती, या विषयावर १९६६ मध्ये सीमावादाचा महाजन आयोग बसून झाला. तुम्ही गप्प बसा.

परदेशी पैसा म्हटलं की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा आला. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. पैसे नाहीत म्हणून हात पसरणाऱ्यानं आधी १५ लाख उडवून दाखवायचे. नंतर येणारी रक्कम दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच उतरते. खानापूरच्या जामिनाला तिथून यायचंय. बेंगळुरूची मोठी संस्था आपल्या वाट्यातलं थोडं इकडे वळवील म्हणता? ती पळवाट २०२० च्या दुरुस्तीनं बुजवली. त्याच दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. या खर्चाच्या यादीत वीज-पाण्याच्या बिलांसोबत ‘कायदेशीर व व्यावसायिक शुल्क’ही बसलंय. संस्था वकिलीची आणि वकिलाची फी प्रशासकीय! मूळ उद्दिष्टावरचा खर्च वेगळा कसा धरायचा, ते सीए समजावून सांगेल. त्याची स्वतःची फी मात्र बिनचूक प्रशासकीय.

आणि हो, संस्था राजकीय नको. राजकीय म्हणजे काय, तर नियमात बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो अशी यादीच दिलीय. पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थांचा निधी एवढ्यावरून अडवू नका, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय खरं. पण विषाची परीक्षा कशाला? यातलं काहीच न केलेला, चाळिशी ओलांडलेला मराठी माणूस बेळगावात शोधा आणि त्याला अध्यक्ष करा. नाहीच सापडला तर कुणाचा तरी पुण्याचा जावई बघा.

शेवटचा रकाना : ‘निधी संपल्यावर काम कसं टिकेल?’ ‘लोकसहभागातून’ एवढंच लिहा. खरं उत्तर कोर्टाच्या कॅन्टीनवाल्याच्या वहीत आहे. तुमच्या चहाची उधारी तो कधीपासून चालवतोय आणि त्यानं अजून एकदाही पैसे कुठे खर्चले याचं विनियोग प्रमाणपत्र मागितलेलं नाही.