रात्री गाडी कुठे उभी राहते?

महाराष्ट्रातल्या मित्रमंडळींशी, नातेवाइकांशी ईव्हीचा विषय निघाला की बोलणं बघता बघता हायवेवर जाऊन पोचतं. एका चार्जमध्ये किती पळते, समृद्धीवर मध्येच संपली तर काय, चार्जरवर तासभर ताटकळायचं का, कोकणात उतरल्यावर चार्जर मिळतो का. या शंका रास्त आहेत. पण इथे नॉर्वेत, ऑस्लोत ईव्ही चालवायला लागल्यापासून माझं मत पक्कं होत गेलंय की आपला वाद भलत्याच जागी रंगतोय. ईव्ही सोयीची वाटणार की डोक्याला ताप होणार, हे गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथे तिला वीज मिळते का, यावर ठरतं. हायवेचा नंबर त्यानंतर लागतो.

नॉर्वेचं नाव काढलं की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक, "बघा, त्यांनी करून दाखवलं." दुसरं, "त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे, आपल्याला त्याचं काय?" दुसऱ्या उत्तरात बरंच तथ्य आहे आणि परदेशात राहणाऱ्यांनी ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. २०२४ मध्ये इथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण विजेवरच्या होत्या आणि पुढच्या वर्षी हा आकडा ९५च्या पुढे गेला. पण त्यामागे तीसेक वर्षांची करमाफी आहे. ईव्हीवरचा खरेदी कर १९९० पासून माफ झाला, २५ टक्के व्हॅट २००१ पासून. टोलमाफी मिळाली, बसच्या लेनमधून जायची मुभा मिळाली. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर मात्र जबर कर होता. वीज जवळपास सगळी पाण्यावर तयार होणारी. आणि देशाची लोकसंख्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. हे सगळं उचलून महाराष्ट्रात आणता येणार नाही, आणि "नॉर्वेने केलं, तुम्हीही करा" असं सांगायचा हक्क मला आहे असंही मला वाटत नाही.

तरीही या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे, जिच्यासाठी सरकारी तिजोरीतून फारसं काही गेलं नाही, आणि माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची ठरली. ती म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये चार्जर बसवण्याचा कायदेशीर हक्क.

२०१८ पासून लागू झालेल्या इथल्या फ्लॅटमालकी कायद्यात तशी तरतूद आहे. फ्लॅटमालकाने पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय मागितली तर सोसायटीच्या कमिटीची संमती लागते खरी, पण ठोस कारण असल्याशिवाय कमिटीला ती नाकारता येत नाही. सहकारी गृहसंस्थांनाही पुढे तसाच नियम लागू झाला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मी आमच्या सोसायटीच्या बैठकीला बसले तेव्हा या एका वाक्याने काय फरक पडतो ते पाहिलं. आक्षेप थेट आपल्याकडच्या जनरल बॉडीत निघतात तेच होते: इमारतीचा लोड पुरेल का, आग लागली तर जबाबदार कोण, माझ्याकडे ईव्ही नाही तर खर्चाचा भार माझ्यावर का. नॉर्वेजियन माणसंही शेजाऱ्याच्या गाडीसाठी स्वतःच्या खिशात हात घालायला उत्सुक नसतात. फरक एवढाच की "द्यायचं की नाही" हा प्रश्न चर्चेला नव्हताच. "कसं द्यायचं" एवढंच ठरवायचं होतं. त्यामुळे दोन तासांत बैठक तांत्रिक मुद्द्यांवर आली आणि निर्णय घेऊनच उठली. मुख्य केबल सामाईक खर्चातून, आपापला चार्जर ज्याचा त्याने घ्यायचा, आणि सगळ्या चार्जरना मिळून विजेची एक कमाल मर्यादा. चार गाड्या लागलेल्या असल्या तर प्रत्येकीला जास्त वीज मिळते, वीस लागल्या तर कमी. सकाळपर्यंत सगळ्यांचं होऊन जातं.

आता घरचं बोलते. पुण्यात माझ्या दादाने ईव्ही घ्यायचं मनावर घेतलं होतं. गाडी पसंत पडली, कर्जाचं बघून झालं, आणि घोडं अडलं ते सोसायटीच्या एनओसीपाशी. सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत, पण त्यांचं म्हणणं, "एकाला दिलं की उद्या सगळे मागतील." केंद्र सरकारने २०२४ मध्ये चार्जिंगच्या सोयीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, घरच्या विद्यमान वीजजोडणीवरूनही गाडी चार्ज करता येते असं त्यात आहे. त्याआधी २०१९ मध्ये केंद्राने नमुना बांधकाम नियमावलीत दुरुस्ती करून नव्या इमारतींमधल्या २० टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगची तयारी ठेवा असं सुचवलं. पण दादाची इमारत जुनी आहे, राज्यातल्या शहरांमधल्या बहुतेक इमारतींसारखी. आणि मार्गदर्शक सूचनांची प्रिंट घेऊन सेक्रेटरींच्या दारात उभं राहिलं की काय होतं, ते सोसायटीत राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. "जनरल बॉडीपुढे ठेवू."

म्हणून मी दादाला आकडेमोड करून पाठवली, तीच इथे देते. शहरात रोजचं फिरणं चाळीस किलोमीटर धरा. मध्यम आकाराची ईव्ही एका युनिटला साधारण सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे रोज सहा-सात युनिट लागतात. पंधरा-सोळा अँपियरच्या प्लगवर ही गाडी तासाला तीन युनिटच्या आसपास घेते. म्हणजे दोन-सव्वादोन तासांचं काम. भिंतीवर बसवायचा ७.४ किलोवॅटचा चार्जर असला तर एका तासात आटोपतं. साध्या प्लगवरचा तो लोड बाथरूममधल्या मोठ्या गीझरएवढाच असतो, आणि सोसायटीतले गीझर सकाळी सहा ते आठ एकदम सुरू असतात, तेव्हा कुणी एनओसी मागत नाही. गाडीचं चार्जिंग तर रात्री दोन वाजता, सगळी इमारत झोपलेली असताना उरकता येतं. स्वतंत्र मीटर, जास्त लोड आला की वीज तोडणारी स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारी आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि परवानाधारक वायरमन एवढं असलं की लोडचा मुद्दा सुटतो. वीसेक गाड्या झाल्यावर लोडचं नियोजन लागेल, हे खरं. पण पहिल्या गाडीला नकार द्यायला ते कारण पुरत नाही.

आगीची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, त्यानंतर बॅटरीचे नियम कडक करावे लागले. ज्यांच्या खाली पार्किंग आणि वर लहान मुलं झोपलेली आहेत, त्यांना भीती वाटणारच. पण ईव्ही म्हणजे पेटणारी गाडी हा समज कसा पसरतो, याचा एक नमुना इथे घडला. जानेवारी २०२० मध्ये स्टाव्हांगरच्या विमानतळावरच्या पार्किंगच्या इमारतीला मोठी आग लागली. शेकडो गाड्या जळाल्या, इमारतीचा काही भाग कोसळला. धूर निवायच्या आत लोकांनी ईव्हीकडे बोट दाखवलं. आग सुरू झाली होती एका डिझेल गाडीत. नंतरच्या तपासणीत तिथल्या ईव्हींमुळे आग जास्त भडकल्याचंही आढळलं नाही. बॅटरी पेटली तर ती विझवायला अवघड जाते आणि पुन्हा पेटू शकते, हे खरं आहे, अग्निशमन दलाला त्यासाठी वेगळी तयारी लागते. म्हणूनच रीतसर बसवलेला चार्जर हवा. एनओसी नाकारली की माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडतो. आगीचा धोका त्या वायरीत आहे.

एवढं झाल्यावर आता फास्ट चार्जिंगकडे येते, कारण त्याबद्दल लोकांना सर्वांत जास्त कुतूहल असतं. ऑस्लोहून बर्गनला जायचं म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या वर, वाटेत डोंगर. उन्हाळ्यात हा प्रवास आनंदाचा आहे. तीन-साडेतीन तास चालवल्यावर माणसाला थांबावंसं वाटतंच, तेवढ्यात गाडी दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत जाते. ऐंशीच्या पुढे थांबू नका, हे इथे नवीन ईव्ही घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं. बॅटरी भरत आली की तिच्या आतल्या ग्राफाइटमध्ये लिथियमला शिरायला जागा कमी उरते. जोर केला तर लिथियम धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचू लागतं आणि बॅटरी खराब होते. म्हणून गाडीच चार्जिंगचा वेग कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना कधी कधी आधीच्या सत्तरएवढाच वेळ लागतो. मागे रांग असताना शंभर टक्के करत बसणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती सहन होत नाही.

थंडीतही तेच रसायन आडवं येतं. उणे पंधरात गारठलेली बॅटरी घेऊन दीडशे किलोवॅटच्या चार्जरला गाडी लावली तर चाळीस किलोवॅटचा वेगसुद्धा मिळेलच असं नाही. त्यासाठी गाडीला आधीच सांगायचं असतं की आपण अमुक चार्जरवर जातोय, मग ती वाटेत बॅटरी गरम करत नेते. हिवाळ्यात रेंजही चांगली पाव हिश्शाने घटते. आपल्याकडे हा त्रास नाही, आणि ही जमेची बाजू कुणी मोजत नाही. शिवाय भारतात बऱ्याच गाड्यांना एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. थंडीत ती कुरकुरते, पण उष्णता सोसायला ती जास्त स्थिर आहे. मे महिन्यातली तापलेली बॅटरी हा वेगळा विषय, तिथे थंड करायची यंत्रणा चांगली असावी लागते आणि चार्जरवर छप्पर असलेलं बरं. उन्हात तापलेली गन, म्हणजे गाडीला लावायचा चार्जरचा प्लग, हातात धरवत नाही, असं दादाचे मित्र सांगतात. इथल्या निम्म्या चार्जरवर पावसा-बर्फातही छप्पर नसतं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

बोर्डावर लिहिलेल्या किलोवॅटला भुलू नये, हे मात्र दोन्हीकडे सारखं. ईस्टरच्या सुट्टीत अर्धं ऑस्लो डोंगरातल्या घरांकडे निघतं, तेव्हा वाटेतल्या गावांमधल्या चार्जरवर रांगा लागतात. अशा वेळी तीनशे किलोवॅटचा एकच चार्जर असलेल्या जागेपेक्षा दीडशेच्या बारा गन असलेली जागा कधीही बरी. कारण एक गन बंद असली तर अकरा उरतात. एकुलता एक चार्जर बंद निघाला, स्क्रीनवर फिरणारं चक्र दिसत राहिलं आणि हेल्पलाइनवर कुणी उचललं नाही, की पुढची पन्नास किलोमीटर कशी जातात ते मी अनुभवलंय. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे. उत्तम. पण अंतरासोबत किती गन आणि त्यातल्या किती चालू, हे कुणीतरी तपासलं पाहिजे आणि ते लोकांना दिसलं पाहिजे.

पैसे भरण्याचंही तसंच. इथे कित्येक वर्षं प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप होतं, प्रत्येकात कार्डाची नोंदणी, आणि बोचऱ्या थंडीत हातमोजे काढून पासवर्ड आठवत उभं राहणं. शेवटी सरकारने नियम केला. २०२३ पासून नव्या फास्ट चार्जरवर साधं बँक कार्ड चालायलाच हवं. युरोपियन युनियननेही २०२४ पासून तसंच केलं. ज्या देशात भाजीवाल्याकडे क्यूआर कोड असतो, त्या देशात चार्जरसाठी आधी वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवायला लावणं मला अजिबात पटत नाही. यूपीआयने थेट पैसे आणि गन उचलण्याआधी युनिटचा दर समोर, एवढा नियम करायला कुठलं अनुदान लागत नाही.

कोळशाच्या विजेचा मुद्दा चर्चेत हमखास येतो, त्यावर थोडक्यात सांगते. आपली सुमारे सत्तर टक्के वीज कोळशावरची आहे. तरीसुद्धा गाडीच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब धरला तर ईव्हीचं उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा कमी भरतं. नॉर्वेइतका मोठा फरक पडत नाही, एवढं कबूल. तो वाढवायचा तर दुपारच्या सौरविजेवर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाड्या चार्ज व्हायला हव्यात. म्हणजे पुन्हा प्रश्न तोच, गाडी उभी कुठे असते.

याच कारणाने टोलमाफीच्या बातमीने मी फारशी हरखले नाही. अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर ईव्हीला टोल माफ करायचं राज्याने ठरवलं, त्याचा फायदा ज्यांनी गाडी घेतली त्यांना आहे, आणि तो मिळावाच. पण जो माणूस सेक्रेटरींच्या दारातून परत आला, त्याला त्यातून काही मिळत नाही. त्याला कायद्यात एक कलम हवंय: परवानाधारकाकडून, स्वतःच्या खर्चाने आणि स्वतंत्र मीटरवर चार्जर बसवणाऱ्या सभासदाला सोसायटीने अडवू नये, अडवायचंच तर ठरावीक मुदतीत लेखी कारण द्यावं, आणि ते कारण योग्य आहे का हे वीज कंपनीच्या अभियंत्याने ठरवावं.

आणि ज्यांना पार्किंगच नाही त्यांचं काय? वाड्यात, चाळीत, गावठाणात राहणारे, रस्त्याकडेला गाडी लावणारे, रात्री भाड्याच्या खोलीबाहेर स्कूटर उभी करून सकाळी डिलिव्हरीला निघणारे. भारतातली ईव्ही मुख्यतः दोन आणि तीन चाकांची आहे, त्यामुळे हे लोक संख्येने फ्लॅटवाल्यांपेक्षा कमी नाहीत. ऑस्लो महापालिकेने रस्त्याकडेला चार्जिंग पॉइंट बसवायला २००८ मध्ये सुरुवात केली. आधी वीज फुकट होती, पुढे पैसे घेऊ लागले. तरी शहराच्या मध्यात राहणारे माझे सहकारी अजूनही रात्री मोकळा पॉइंट शोधत दोन-तीन गल्ल्या फिरतात. त्यातले काही फक्त फास्ट चार्जरवर भागवतात, आणि त्यांना युनिटमागे माझ्या दुपटीच्या वर पैसे पडतात. हा प्रश्न नॉर्वेनेही नीट सोडवलेला नाही. स्कूटरसाठी काढता येणारी बॅटरी आणि ती बदलून देणारी केंद्रं हा उपाय आपल्या देशात आकार घेतोय, आणि त्याबाबत इथल्यांनी आपल्याकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं.