अ‍ॅप यायच्या आधीचं दार

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. तीन ग्रुपांवर आला, तेव्हा शेवटी पूर्ण वाचला. म्हणणं थोडक्यात असं: शेअर बाजार दीडशे वर्षं दलाल स्ट्रीटवरच्या मूठभर शेठ लोकांचा होता, सामान्य माणसाला तिथे प्रवेशच नव्हता, मोबाइल अ‍ॅप आलं आणि दार उघडलं, आज २० कोटी भारतीय गुंतवणूकदार आहेत, आणि या सगळ्यात सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आडकाठीशिवाय काही केलं नाही.

दीडशे वर्षं तेवढी बरोबर. मुंबईचा बाजार १८७५ चा. बाकीचं पाहू.

‘प्रवेशच नव्हता’ हे तर जुन्या मध्यमवर्गीय घरांत कोणी ऐकूनही घेणार नाही. १९७३ च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्यानंतर अनेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला. कोलगेटसारख्यांचे शेअर लोकांना मिळाले ते यातून, आणि तेही सरकारी भांडवल नियंत्रकाने ठरवलेल्या, बहुधा स्वस्त, भावाने. १९७७ मध्ये रिलायन्सचा इश्यू, म्हणजे लोकांसाठी शेअरविक्री, आली. ऐंशीच्या दशकात तिच्या वार्षिक सभेला भागधारक सभागृहात मावेनात म्हणून ती कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर भरवावी लागली. युनिट ट्रस्ट या सरकारी म्युच्युअल फंडाची यूएस-६४ योजना १९६४ ची. तिचे जवळपास २ कोटी युनिटधारक होते. २००१ च्या जुलैत तिची पुनर्खरेदी, म्हणजे युनिट परत देऊन पैसे घेण्याची सोय, थांबली तेव्हा पेन्शनवाल्यांचे हात-पाय गळाले. ते काही शेठ नव्हते.

तर दार होतं. त्यातून आत जाणं मात्र कटकटीचं होतं, आणि ती कटकट कोणी दूर केली हाच खरा मुद्दा आहे.

माझ्या मामांनी १९९० च्या सुमारास एका कंपनीचे ५० शेअर घेतले. घेतले म्हणजे काय, तर दलालाने सर्टिफिकेट आणि त्याला टाचलेला, विकणाऱ्याची सही असलेला ट्रान्सफर फॉर्म हातात दिला. त्यावर स्टँप चिकटवून कंपनीकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं आणि वाट बघायची. दोन महिन्यांनी पाकीट परत: सही जुळत नाही. मामांची नव्हे, विकणाऱ्याची! तो कोण, कुठला, मामांना काय ठाऊक. दलालाच्या मागे लागून नवी सही आणवली, पुन्हा पोस्ट. मधल्या काळात कंपनीने बोनस दिला आणि तो गेला विकणाऱ्याच्या घरी, कारण कंपनीच्या वहीत नाव अजून त्याचंच. मामांनी नंतर आयुष्यभर फिक्स्ड डिपॉझिट केलं.

भावाचंही तेच. बाजाराच्या रिंगणात दलालांचे आरडाओरड करून सौदे व्हायचे. दलाल संध्याकाळी सांगेल तो भाव. खरेदी करणाऱ्याला दिवसाचा वरचा आणि विकणाऱ्याला खालचा मिळायचा, हा योगायोग फारच नेमाने घडे.

हे बदललं ते १९९२ च्या हर्षद मेहता शेअर घोटाळ्याच्या आगेमागे. सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली होती, पण तिला कायद्याचे दात आले १९९२ मध्ये. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये एनएसई या नव्या शेअर बाजाराने स्क्रीनवर शेअरचे सौदे सुरू केले. उपग्रहाने जोडलेली ती स्क्रीन मुंबईबाहेरच्या दलालाच्या टेबलावरही आली आणि सगळ्यांना एकच भाव दिसू लागला. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा, त्याच वर्षी शेअरच्या नोंदी संगणकावर ठेवणारी एनएसडीएल, १९९९ पासून टप्प्याटप्प्याने डीमॅटची, म्हणजे कागदाऐवजी संगणकी खात्यात शेअर ठेवण्याची, सक्ती. २००१ मध्ये बदला, म्हणजे पैसे न चुकवता सौदा पुढे ढकलण्याचे व्यवहार, बंद. पैसे आणि शेअर हातात पडायला पूर्वी आठवडे लागत. २००३ मध्ये ते दोन दिवसांवर आलं, २०२३ च्या जानेवारीत एका दिवसावर. आणि दहा मिनिटांत खातं उघडतं ते आधार, पॅन आणि ई-सहीच्या जोरावर. अ‍ॅपने ब्रोकरेज, म्हणजे दलाली, पाडली, पडदा देखणा केला, हे श्रेय त्याला जरूर द्या. पण नळ बसवणाऱ्याने धरणही आपणच बांधलं म्हणू नये.

२० कोटींचा आकडा. ती डीमॅट खाती आहेत, माणसं नव्हेत. एकाच माणसाची तीन-चार खाती सर्रास असतात. माझी स्वतःची दोन आहेत आणि एकाचा पासवर्ड मला आठवत नाही. २०२५ च्या सुरुवातीला देशात डीमॅट खाती १८ कोटींच्या वर होती, तेव्हा एनएसईकडे पॅननुसार नोंदलेले वेगवेगळे गुंतवणूकदार ११ कोटींच्या आसपास होते. त्यातही महिला चारात एक.

उरली सेबीची आडकाठी. आत आलेला नवा माणूस कुठल्या खोलीत जातो, याबद्दल मेसेज गप्प आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीनुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांमध्ये, उतरलेल्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा सुमारे २ लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. यांतल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत दाखवलं होतं, आणि ७२ टक्के पहिल्या ३० शहरांबाहेरचे होते. समोर होते स्वतःच्या पैशाने खेळणारे मोठे ब्रोकर आणि परदेशी फंड, ज्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकी अल्गोरिदममधून आला. याला समान प्रवेश म्हणायचं असेल तर म्हणा.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने निर्देशांकावरच्या अशा कराराचा किमान आकार ५ लाखांवरून १५ लाखांवर नेला आणि दर आठवड्याला मुदत संपणारे करार (साप्ताहिक एक्स्पायरी) एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाचे ठेवले. ही आडकाठी आहे, मान्य. त्यानंतरच्या पाहणीत आर्थिक वर्ष २०२५ मध्येही ९१ टक्के लोक तोट्यातच निघाले, त्यामुळे ती पुरेशी होती असंही मला वाटत नाही.

हो, एक राहिलंच. मेसेजच्या तळाशी खातं उघडायची लिंक होती, रेफरल कोडसकट.