नेट बंद झाल्यावर कोण उरतं?

‘फेसबुकने क्रांती केली’ हे मी 2011 च्या अरब देशांतल्या उठावांपासून ऐकतेय. आणि तितक्याच ठामपणे ‘घरबसल्या पोस्टी टाकून कुठे सत्ता उलथते का’ हेही. मला दोन्ही पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

ट्युनिशियात गाफ्सा भागात फॉस्फेटच्या खाणी आहेत. 2008 च्या जानेवारीत तिथल्या रदेयेफ गावात नोकरभरतीतल्या वशिलेबाजीवरून लोक रस्त्यावर उतरले आणि सहाएक महिने हटले नाहीत. पोलिसांनी वेढा घातला, गोळीबार झाला, पुढारी तुरुंगात गेले. देशातल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही, कारण वर्तमानपत्रं आणि टीव्ही सरकारच्या मुठीत होते. तीन वर्षं उलटायच्या आत, 17 डिसेंबर 2010 ला, सिदी बूझीदमध्ये हातगाडीवर फळं विकणाऱ्या मोहम्मद बुअझीझीचा तराजू जप्त झाला. त्याची दाद कुणी घेतली नाही आणि सरकारी कचेरीसमोरच त्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्याच दिवशी त्याच्या आईने आणि नातलगांनी कचेरीपुढे निषेध केला. त्या निषेधाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ फेसबुकवर गेला, तिथून अल जझीरा या वृत्तवाहिनीने उचलला. 14 जानेवारी 2011 ला, 23 वर्षं सत्तेवर असलेला राष्ट्राध्यक्ष बेन अली सौदीला पळाला.

राग रदेयेफमध्येही कमी नव्हता. पण हुकूमशाहीत प्रत्येक माणसाला वाटत असतं की हे फक्त मलाच खुपतंय, शेजारचा बहुधा खूश आहे, आणि तो आपलं नाव पोलिसांना सांगेल. हा गैरसमज टिकवण्यावर अख्खी राजवट उभी असते. फोनच्या पडद्यावर त्याला तडा जातो, हे सोशल मीडियाचं खरं काम. ते छोटं नाही. पण सत्ता हाकलण्याचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते पडद्यावर होत नाही. ट्युनिशियातसुद्धा कामगार संघटनेच्या गावोगावच्या शाखा संपात उतरल्या नसत्या, तर बेन अली इतक्या लवकर गेला नसता, असं माझं मत आहे.

इजिप्तमध्ये 28 जानेवारी 2011 ला राष्ट्राध्यक्ष मुबारकने इंटरनेट तोडलं, त्या दिवशी मोबाईलही बंद केले. त्याच शुक्रवारी नमाजानंतर आधीपेक्षा मोठी गर्दी बाहेर पडली. फोन लागेना तेव्हा आपली माणसं शोधायला रस्त्यावर जाणं भागच होतं. नेट परत आलं 2 फेब्रुवारीला, मुबारक गेला 11 ला. पण पुढे काय झालं? 2012 च्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत समोरासमोर उभे होते मुस्लिम ब्रदरहूड या जुन्या इस्लामी संघटनेचे मोर्सी आणि मुबारकचाच शेवटचा पंतप्रधान. ज्या तरुणांनी कैरोतला तहरीर चौक भरवला, त्यांचा उमेदवार त्यात नव्हता. ब्रदरहूडकडे कित्येक दशकांची बांधणी होती, सैन्याकडे बंदुका होत्या. तरुणांकडे फॉलोअर्स होते. 2013 मध्ये सैन्याने पुन्हा सगळं ताब्यात घेतलं. हे आठवलं की आजही जीव तुटतो.

म्हणून मला सुदान महत्त्वाचं वाटतं. त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. डिसेंबर 2018 मध्ये पाव महागला म्हणून तिथल्या अटबारा शहरात ठिणगी पडली, एप्रिल 2019 मध्ये 30 वर्षं सत्तेवर असलेला हुकूमशहा बशीर गेला आणि सत्ता सैन्याने घेतली. लोक राजधानी खार्तूममध्ये सैन्याच्या मुख्यालयासमोरचा ठिय्या सोडेनात. 3 जूनला तो ठिय्या रक्तात बुडवला गेला, शंभरावर माणसं मारली गेली, आणि इंटरनेट बंद झालं. एका वकिलाने टेलिकॉम कंपनीवर खटला भरला, तो जिंकला, तर कोर्टाच्या निकालाने नेट सुरू झालं ते सुरुवातीला फक्त त्याच्या एकट्याचं! दावा त्याने स्वतःच्या नावे केला होता ना.

आणि अशा अंधारात 30 जूनला लाखो लोकांचा मोर्चा निघाला. निरोप गेला पत्रकांवरून, भिंतीवरच्या अक्षरांतून, तोंडी. हे जमलं कारण वस्तीवस्तीत ‘प्रतिकार समित्या’ होत्या. गल्लीतली दहा-वीस पोरंपोरी, एकमेकांची घरं ठाऊक असलेली. नेट गेलं तरी ही ओळख जात नाही.

आता आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांचं. मोर्चाचा व्हिडिओ शेअर करण्याआधी मी आता तो थांबवून चेहरे बघते. कुणी मास्क काढून पाणी पितंय, कुणाच्या पाठीवरची सॅक ओळखू येतेय. आपल्यासाठी ते प्रेरणादायी दृश्य असतं, पोलिसांसाठी ओळखपरेडच. बेलारूसमध्ये 2020 च्या आंदोलनानंतर ‘अतिरेकी’ ठरवलेलं टेलिग्राम चॅनल नुसतं फोनमध्ये सापडलं तरी माणूस आत जातो. म्यानमारमध्ये 2021 च्या लष्करी उठावानंतर नाक्यांवर सैनिक फोन उघडायला लावायचे. त्याच म्यानमारमध्ये आधी रोहिंग्यांविरुद्धचं विष फेसबुकवरूनच पसरलं होतं, आणि आपण पुरेसं काही केलं नाही हे कंपनीने 2018 मध्ये कबूल केलं. तेव्हा ज्यांना हे माध्यम मुळातच जनतेच्या बाजूचं वाटतं, त्यांनी कृपया म्यानमारकडे बघावं.

सुदानची क्रांती जिंकली असं मी म्हणणार नाही. 2021 मध्ये पुन्हा लष्करी बंड झालं, एप्रिल 2023 पासून दोन सेनापतींच्या युद्धात देश होरपळतोय. पण त्या समित्यांमधली मुलं उभी आहेत. त्यांच्यातूनच वस्त्यांमध्ये मदत केंद्रं निघाली, मोठमोठ्या पातेल्यांत शिजवून शेकडो लोकांना जेवू घालणारी. परदेशातले सुदानी बँकेच्या ॲपवरून त्यांना पैसे पाठवतात. फेब्रुवारी 2024 मध्ये देशभर फोन-इंटरनेटचा संपर्क तुटला, तेव्हा ते पैसे पोचेनात, आणि खार्तूममधल्या कित्येक चुली विझल्या.