पास्ता आहे की खीर?

आमच्या इंदूरात आता गल्लोगल्ली इटालियन उघडलंय, लाल-पांढऱ्या चौकडीचे टेबलक्लॉथ, भिंतीवर पिसाचा झुकता मनोरा, सगळं असतं, फक्त पास्ता कोणी धड उकडत नाही!! काट्याने उचलायला जावं तर तुटतो, आणि व्हाइट सॉस इतका गोड की वेलची घातली असती तर खीर म्हणून खपला असता. राग याचा येतो की पास्ता होतो ड्युरम गव्हाच्या रव्याचा, आणि तो गहू आपल्या माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकतोय, बाफल्यांना (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) तोच लागतो, म्हणजे माल घरचा आणि तरी ही दशा. रोमच्या मूळ अल्फ्रेडो पास्त्यात बटर आणि पार्मेझान, बस्स, क्रीम नाहीच. इथे क्रीम, मैदा, प्रोसेस्ड चीज, वर स्वीट कॉर्न (सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा कीस मी दोन प्लेट खाईन, पण इथे काय काम त्याचं?). वेटरला म्हटलं, जरा कमी उकडा, तर म्हणतो, ‘भिया, कच्चा लगेगा, कस्टमर वापस कर देते हैं.’ अरे मग मी कोण आहे?

मग बिल. त्यात सर्विस चार्ज गुपचूप जोडलेला. तो आपोआप लावायचा नाही अशा सीसीपीएच्या (केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या) गाइडलाइन्स जुलै २०२२ पासून आहेत, दिल्ली हायकोर्टानेही मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या, तरी दर वेळी आपणच काढायला सांगा, मग मॅनेजर येणार, मग आई म्हणणार, जाऊ दे ना रे, लोक बघतायत. बघू देत की! ऑरिगॅनोची पाकिटं मात्र मागाल तितकी.